आवाज आला की बटण दाबा

"अंगठीसुद्धा काढायची?"

"ती काय करते?"

"झोप मोजते."

"मग काढाच. आत झोपायचं नाहीये," असे म्हणून त्याने प्लॅस्टिकचा ट्रे तिच्यापुढे सरकवला.

ट्रेमध्ये आधीच दोन फोन, एक छोटा टॅब, मनगटावरचे घड्याळ आणि नव्या इयरफोनची डबी एवढा ऐवज जमला होता. खरे तर ती पेशंट नव्हतीच. एका संकेतस्थळासाठी ती नव्या उपकरणांची परीक्षणे लिहीत असे. बाजारात येण्याआधी फोन तिच्या हातात येत, आणि तिने नाक मुरडले की कंपन्यांच्या पोटात गोळा येई. या वेळच्या इयरफोनचा दावा असा होता, की ते घरबसल्या माणसाच्या कानांची चाचणी करतात. दावा तपासायचा तर शेजारी खऱ्या चाचणीचा निकाल हवा, म्हणून ती इस्पितळाच्या तळमजल्यावर आली होती. जिची वेळ घेतली होती ती तज्ज्ञ बाई तापाने घरी झोपली होती. तिच्या जागी हा होता. उंच, किंचित वाकून चालणारा, आणि इतक्या हळू बोलणारा, की ऐकणाऱ्याने आपोआप पुढे झुकावे.

"आवाज ऐकू आला की हे बटण दाबायचं," त्याने तिच्या हातात वायरचे बटण दिले. "कितीही बारीक असला तरी."

केबिनचे जाड दार बंद झाले आणि जग एकदम संपले. इतकी शांतता तिला माहीतच नव्हती. स्वतःचा आवंढासुद्धा मोठ्याने ऐकू येत होता. काचेपलीकडे तो मान वळवून बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरून पेशंटला अंदाज येऊ नये म्हणून तसेच बसायचे असते. हेडफोनमध्ये एक बारीक सूर आला. तिने बटण दाबले. दुसरा आला, त्याहून बारीक. मग काहीच नाही... आणि त्या काहीच नसण्यात तिला स्पष्ट जाणवले, की कुठेतरी काहीतरी थरथरले. तिने दाबले. थोड्या वेळाने पुन्हा दाबले.

"कान उत्तम आहेत," बाहेर आल्यावर तो आलेखाकडे बघत म्हणाला. "फक्त मधेमधे तुम्ही उगाच बटण दाबत होता."

"उगाच नाही. ऐकू आलं म्हणून."

"तिथे मी काही वाजवलंच नव्हतं."

"नक्की?"

"वाजवणारा मीच होतो ना..."

"मग मी ऐकलं काय?"

"ज्याची वाट बघत होतात ते," तो म्हणाला. कानात मळ साठलाय असे सांगावे तितक्याच साधेपणाने. तिच्या मात्र कानशिलांना उगाचच ऊब आली. त्यावर उपाय म्हणून तिने घाईघाईने ट्रेमधला एक फोन उचलला.

"तुमचा फोन कुठेय?"

"लॉकरमध्ये. संध्याकाळी घरी जाताना घेतो."

"दिवसभर लॉकरमध्ये? आणि घरी कोणाचं काही बरंवाईट झालं तर?"

"तर इस्पितळातच आणतील की. मी इथेच असतो."

हा विनोद होता की माहिती, हे तिला कळेना. तिने आपली बाजू मांडायला घेतली. ती बाजू तिच्या लेखांतून सगळ्यांना पाठ झालेली होती. माणूस माणसाशी सतत जोडलेला असणे यात रडण्यासारखे काही नाही, उलट इतकी मोठी सोय माणसाला आजवर मिळालेली नाही. "माझी मैत्रीण समुद्रापलीकडे बाळंत झाली. बाळाचं पहिलं रडणं मी इथे भाजी चिरताना ऐकलं. तुमच्या लॉकरमध्ये ऐकू आलं असतं?"

त्याने खरोखरच विचार केला. "नाही," तो म्हणाला. "नसतं आलं." मग थोडे थांबून, "माझ्या आईला फोनवरचं काही ऐकू येत नाही. समोरचंही कमीच. तिला टॅब घ्यावा म्हणतोय. लिहून तरी बोलेल कोणाशी... कोणता घेऊ?"

एरवी असल्या प्रश्नाचे उत्तर तिने एका ओळीत पाठवून दिले असते. "घ्या कुठलाही," तिच्या तोंडून निघून गेले, "मी घरी येऊन लावून देते."

त्या संध्याकाळी जेवताना तिचा दादा वहिनीला म्हणाला, "आज आपला टॉवर गप्प कसा? रेंज गेली की काय?" घरात तिला टॉवर म्हणत, ती कुठेही उभी राहिली तरी चहूबाजूंनी काहीतरी येऊन तिच्यावर आदळत असे, म्हणून.

"नाही रे," वहिनी तिच्याकडे निरखून बघत म्हणाली, "लाइन बिझी दिसतेय."

त्याची आई आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. निवृत्तीनंतर हळूहळू कान गेले. "हॅलो म्हणणाऱ्या बाईलाच हॅलो ऐकू येईना, बघ," असे तिने पहिल्या भेटीतच हसत सांगितले. बोलणाऱ्याच्या ओठांवरून तिला बरेचसे कळे. मुलाने दिलेले श्रवणयंत्र खणात पडून होते. "ते घातलं की भांडी ऐकू येतात, माणसं नाही." यावर तो टेबलावरचा न सांडलेला चहा पुसत राहिला.

टॅबमध्ये सिमकार्ड नव्हते. ते येईपर्यंत अडायला नको म्हणून तिने त्याच्या फोनचे मेसेजचे खाते टॅबलाही जोडून दिले. जे एकावर येईल ते दुसऱ्यावरही दिसणार. तिच्या हातचा मळ होता तो.

"तात्पुरतं आहे हं, काकू. सिम आलं की वेगळं करून देईन."

"मला मेसेज करत जा गं."

"करेन की!"

सिम कोणी आणले नाही. आणि वेगळे करून द्यायचे राहिले आहे, हे लोकांच्या फोनमधल्या बारीकसारीक चुका शोधण्यावर जिचे पोट चालायचे, ती साफ विसरून गेली.

त्या आठवड्यात तिने त्याच्या नंबरावर विचारले, "काय, टॅब रुळला का?" उत्तर ताबडतोब आले. "रुळला कसला, रुसलाय. बोट लावलं की पळतो. तुझ्यावर गेलाय."

ती ऑफिसमध्ये एवढ्या मोठ्याने हसली, की शेजारच्याने मान वर काढली. समोर असताना 'तुम्ही', आणि लिहिताना चक्क 'तू'! आणि तेही भर दुपारी! म्हणजे त्याने लॉकर उघडले होते... तिच्यासाठी. या विचाराने ती दिवसभर जमिनीपासून चार बोटे वर चालत होती.

मग रोजच सुरू झाले. ती लिहायची, उत्तर टपकन यायचे, आणि प्रत्येक उत्तराला एक बारीकसा चिमटा असायचा. दादा मला टॉवर म्हणतो, असे तिने कळवले, त्यावर आले, "म्हणू दे. टॉवरकडे बघायला सगळ्यांना मान वर करावी लागते." बॉसने लेख परत पाठवला, असे लिहिले; आले, "त्याचा फोन जुना असेल." एकदा नुसतेच आले, "मी आत्ताच जेवले, तू?" 'जेवले' वाचून ती क्षणभर अडखळली. पण शब्द सुचवणारे कीबोर्ड क्रियापदांचा कसा चुराडा करतात, यावर तिनेच एक घणाघाती लेख लिहिला होता. बिचाऱ्याचा कीबोर्ड, ती मनाशी म्हणाली.

मधूनच अगदी वेगळे काहीतरी येई. संध्याकाळी उशिरा, कोरडे, आणि पुन्हा 'तुम्ही'वर आलेले. "तुमच्या ऑफिससमोर उद्या रस्ता फोडणार आहेत. कानात कापूस घाला." किंवा, "केबिनचं दार बदललं. आता आधीपेक्षा शांत आहे. एकदा येऊन बघा." आज स्वारी थकलेली दिसते, असे म्हणून तिने त्यावर एक अंगठा पाठवून दिला होता.

खरी पंचाईत समोर भेटल्यावर व्हायची. लेखाचे निमित्त करून ती त्याला इस्पितळाजवळच्या कॉफीच्या दुकानात दोनतीनदा भेटली. मेसेजमध्ये जो माणूस तिचा एक शब्द खाली पडू देत नव्हता, तोच समोर बसून कपाच्या कडेवर बोट फिरवत राहायचा.

"काल फार हसले मी," तिने खडा टाकून पाहिला.

"हो." त्याचा चेहरा उजळला. "आईसुद्धा हसत होती."

"तुम्ही... आईंना दाखवता?"

"दाखवायचं काय त्यात? ती वाचतेच. हल्ली खूश असते फार."

तिने उचललेला कप परत खाली ठेवला. सगळे वाचते? ते टॉवरचे, ते सगळेच? आणि वर खूश असते? तिला पुढचे विचारायचे होते, पण नेमके त्याच वेळी काउंटरवर कॉफी दळायचे यंत्र घरघरू लागले आणि बोलणे तिथेच तुटले. तो उठला. काही न बोलता त्याने तिची खुर्ची भिंतीच्या आडोशाला ओढून दिली आणि स्वतः यंत्राच्या बाजूला जाऊन बसला. यंत्र थांबेपर्यंत दोघे एकमेकांकडे बघत राहिले. मग दोघांनीही एकदम नजर वळवली.

घरी येताना तिच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. दोन माणसे आहेत की काय ही? बोलणारा एक आणि बसणारा दुसरा? पडद्याआड माणूस जास्त खरा होतो, असे तिने किती वेळा ठासून लिहिले होते. तसे असेल तर मेसेजमधला तोच खरा. पण मग त्या खुर्चीचे काय करायचे?

शेवटी एका दुपारी धीर करून तिने लिहिले, "मला समोरासमोर बोलायचंय. खूप दिवस मनात आहे."

लगेच उत्तर आले, "ये ना रविवारी दुपारी. घरी दुसरं कोणी नसतं. निवांत बोलू."

तिने फोन वहिनीपुढे धरला.

"घरी दुसरं कोणी नसतं?" वहिनीने तोंडावर हात ठेवला. "अगोबाई! आणि तू म्हणत होतीस, बोलत नाही म्हणून."

"जाऊ का गं?"

"जा. पण फोन चार्ज करून जा."

रविवारी दार त्याच्या आईने उघडले.

"ये, ये. मी केव्हाची वाट बघतेय." आई तिचा हात धरून आत घेऊन गेली. खुर्च्या समोरासमोर मांडलेल्या होत्या, उजेड तोंडावर पडेल अशा. "हं, बोल आता. काय आहे मनात?"

"तो... नाहीये?"

आईचे डोळे तिच्या ओठांवर होते. "तो रविवारी शिबिराला जातो ना, मुलांचे कान तपासायला. तू माझ्याशी बोलायचं म्हणालीस, म्हणून तर आज बोलावलं."

टेबलावर टॅब उघडा होता. त्यावर तिचेच वाक्य होते, 'खूप दिवस मनात आहे', आणि खाली त्याचे उत्तर. ते उत्तर कुठे बसून, कोणत्या बोटांनी लिहिले असेल, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसले. खाते तिने स्वतः जोडले होते. तात्पुरते! इतके दिवस भर दुपारी कोणते लॉकर उघडत होते, हेही मग दिसले, आणि जमिनीने आपल्याला पोटात घ्यावे तर बरे असे तिला झाले.

आई तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. शब्द ऐकू न येणाऱ्या माणसाला चेहरा वाचायला वेळ लागत नाही.

"क्रॉस कनेक्शन," ती हळूच म्हणाली. "सगळी नोकरी लोकांच्या लाइनी जोडल्या, एक चुकू दिली नाही. आणि ही बघ!" ती खदखदून हसली. मग हसू मावळले. "म्हणजे तू माझ्याशी बोलतच नव्हतीस."

स्वतःची फजिती ती त्या वाक्याबरोबर विसरली. खुर्ची पुढे ओढून, ओठ नीट दिसतील अशी ती बसली. "काकू, मी हसले ती तुमच्यामुळेच. फक्त... त्या शब्दांना चेहरा मी दुसराच लावला होता."

"चेहरा बरा आहे त्याचा," आई म्हणाली. डोळे तिने पदराने टिपले. "माझ्या वेगानं कोणी बोललंच नव्हतं गं इतक्या वर्षांत. लोक माझ्याशी कसे बोलतात माहितीये? हा-त-पा-य-धु-वा, असे. मला वाटलं, मैत्रीण मिळाली."

"मिळाली आहेच. उद्या सिम आणते, तुमच्या नावाचं." मग तिचा बांध फुटला. "पण मला काही म्हणजे काही कळेनासं झालंय, काकू. मला आवडलं कोण? तो की तुम्ही?"

"मी आवडून काय उपयोग? मला स्वयंपाकाचा कंटाळा आहे." आईने टॅब पुढे ओढला आणि बोटाने जुने मेसेज वर सरकवू लागली. "थांब. सगळे माझे नाहीत यात. हा माझा, हा माझा... हा बघ, हा नाही. रस्ता फोडतायत ते मला कुठून कळणार? माझ्या उशाशी फोडला तरी मला पत्ता नाही." आणखी थोडे वर. "आणि हा दाराचा. हाही त्याचाच."

'एकदा येऊन बघा.' आणि त्याखाली तिने पाठवलेला तो पिवळा अंगठा.

"माझा मुलगा जन्मात कधी कोणाला बोलवत नाही," आई म्हणाली. "त्यानं बोलावलं, आणि तू अंगठा दाखवलास होय गं?"

परतताना ती मुद्दाम चालत निघाली. सगळे चिमटे, सगळ्या कोट्या, दुपारी फुटलेले ते सगळे हसू आईचे, हे एकदा बाजूला काढून ठेवले, तर त्याचे म्हणून काय उरत होते? थोडा कापूस, एक दार आणि भिंतीकडे ओढलेली एक खुर्ची. एवढ्यावर कोणी प्रेमात पडते का? तिला ठाऊक नव्हते. ज्याच्यासाठी ती झुरत होती, तो माणूस मुळात नव्हताच असे एकीकडे वाटे. आणि लगेच दुसरीकडे त्या यंत्राची घरघर आठवे, त्या आवाजात गप्प बसलेला तो आठवे, आणि पोटात काहीतरी थरथरे. हे खरे थरथरणे होते, की ज्याची वाट बघतो ते?

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर पेशंट संपेपर्यंत ती बाकावर बसून राहिली.

"दार बदललंय म्हणे," ती आत येऊन म्हणाली.

"बदलून बरेच दिवस झाले." तो उभाच होता. "आईनं काल सांगितलं सगळं. मला वाटायचं, तुम्ही तिच्याशीच बोलता. तिची तशी माणसं नाहीत फार, म्हणून... मी संध्याकाळी वाचायचो. वाचायला नको होतं."

"मग मधेच लिहायचात का?"

"राहवायचं नाही." तो टेबलाच्या कडेकडे बघत होता. "स्वतःच्या आईचा हेवा वाटणं काही बरं नाही. पण तुम्ही तिला जे लिहायचात ना... आणि मला तिच्यासारखं नाही येत. लिहिता नाही, बोलताही नाही. मी आपला ऐकतो."

"माझी पुन्हा चाचणी घ्या," ती म्हणाली.

"कान उत्तम आहेत तुमचे."

"मागच्या वेळी मी उगाच दाबत होते, म्हणालात. मला खात्री करायचीय."

त्याने ट्रे पुढे केला. घड्याळ, अंगठी, इयरफोन, टॅब, एक फोन. दुसरा फोन हातातच वाजू लागला. कोणाचा आहे ते न बघता तिने तो वाजतच ट्रेमध्ये ठेवून दिला. तेव्हा त्याने स्वतःच्या खिशात हात घातला आणि आपला फोनही काढून तिच्या फोनशेजारी ठेवला.

"लॉकर?"

"आज नाही ठेवला." त्याचे कान लाल झाले होते. "वाट बघत होतो."

नवे दार खरेच जड होते. ते बंद झाले आणि ट्रेमधली सगळी कुजबुज बाहेर राहिली. काचेपलीकडे तो खुर्चीत बसला. हेडफोनमध्ये त्याचा आवाज अगदी जवळ आला, कधी समोर बसूनही आला नव्हता इतका जवळ.

"आवाज आला की बटण दाबायचं."

"कितीही बारीक असला तरी?"

"कितीही."

नियमाप्रमाणे त्याने मान फिरवायला हवी होती. त्याने ती अर्धी फिरवली, आणि मग फिरवली नाही. त्याचा हात यंत्राच्या कळीवर नुसताच टेकलेला होता. काहीच वाजत नव्हते. तिला स्वतःच्या छातीतले ऐकू येत होते, श्वास ऐकू येत होता. तिचा गोंधळ तिळभरही कमी झालेला नव्हता. तिने बटण दाबले.

त्याच्या टेबलावरचा छोटा दिवा लागला.

त्याने आधी त्या दिव्याकडे पाहिले, नंतर तिच्याकडे. मग आवाज आला, नेहमीपेक्षाही हळू. "मी... अजून काही वाजवलंच नाही."

"ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि पुन्हा दाबले.